केरूबाबा आणि रॉकेटवाली

"पण बाबा, मी गेले तर तुम्हाला गोळ्या कोण देणार?"

केरूबाबा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सकाळची उपाशीपोटी, दुपारची जेवल्यावर. डोळ्यांत घालायचे थेंब वेगळे. यातलं एक तरी तुमच्या लक्षात राहतं का?"

"न्हाई ऱ्हात," बाबा म्हणाले. "म्हणून तर सुखात हाय."

पायरीवर चहा पीत बसलेल्या मुजावरला हसू आलं. मग त्याची नजर मंदाकिनीकडे गेली आणि त्याने ते हसू चहाबरोबर गिळून टाकलं.

मंदाकिनी वाघचौरे रागावली की समोरच्याला हसू आवरावंच लागे. ती रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत होती तेव्हाही तसंच होतं, आणि ते सगळं सोडून दरेवाडीच्या टेकडीवरच्या या मठात आली तेव्हाही तसंच. माणूस जागा बदलतो. स्वभाव सामानात बरोबर येतो.

रॉकेटच्या दोन्ही कुशींना बूस्टर लावतात. त्यांनी रॉकेटला जमिनीवरून उचलायचं, ढगांच्या पार न्यायचं, आणि जळून संपले की सुटून बाजूला व्हायचं. ते नेमके कधी आणि कसे सोडायचे, हे मंदाकिनीचं काम होतं. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट तिला स्वतःला सगळ्यांच्या आधी ठाऊक होती.

मग एक उड्डाण फसलं. बूस्टर सुटायच्या वेळीच फसलं, आणि वेळ तिने ठरवलेली होती. कंपनी लहान, माणसं भली. कोणी तिला बोल लावला नाही. तेच तिला सोसलं नाही.

ती दोन दिवस डोकं शांत करायला म्हणून मठात आली. आली तर बाबा तापाने फणफणलेले, घोंगडीखाली एकटेच. तिने डॉक्टर आणला, रात्री जागवल्या, पेज पाजली. बाबा उठून बसले. दोन दिवसांचे महिने झाले आणि बाई राहिली ती राहिलीच. खालच्या वाडीतले लोक तिला रॉकेटवाली म्हणू लागले.

आज सकाळी सुलेमान मुजावर तिला न्यायला आला होता. पूर्वी तो तिच्या हाताखाली काम करायचा. तिने त्याला सगळं शिकवलं होतं, आणि आता तिची खुर्ची त्याच्याकडे होती. गाडी खाली वडाशी उभी करून तो टेकडी चढून आला होता.

"परवा उड्डाण आहे, मॅडम," त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. "बूस्टर सोडायची वेळ उद्या कायम करायची आहे. मी आकडा काढलाय. पण माझा धीर होत नाही. तुम्ही नुसत्या शेजारी बसा. काही बोलला नाहीत तरी चालेल."

मंदाकिनीच्या डोळ्यांपुढे सगळं आलं होतं. पुन्हा ती खोली, तो पडदा, ते मागे सरकणारे आकडे... आणि पुन्हा तेच झालं तर?

हे ती कोणाला बोलली नाही. भीती आत ठेवून तिने गोळ्या पुढे केल्या.

तसं खोटंही नव्हतं ते. म्हाताऱ्यावर तिचा जीव होता. वडील गेल्यानंतर असा जीव तिने कोणाला लावला नव्हता.

"सुलेमान," बाबांनी विचारलं, "तुजी गाडी कवर थांबंल?"

"उन्हं कलेपर्यंत, बाबा. मग मात्र निघायलाच हवं."

"मंग शेंगा खा." बाबांनी मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले. मग ते मंदाकिनीकडे वळले. "मंदे, तू जाऊ नगंस."

मुजावरचं तोंड उतरलं.

"खरंच?" मंदाकिनी म्हणाली.

"तुला सोडवत न्हाई ना? मंग न्हाई सोडायचं. इषय संपला."

जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. तिला वाटलं नाही. तिने उगाचच चहाची भांडी गोळा केली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला. त्याचं एक टोक आपल्या उजव्या मनगटाभोवती गुंडाळलं आणि हात तिच्यासमोर धरला.

"बांध."

"काय?"

"तुजा हात. माज्या हाताला."

"बाबा, चेष्टा पुरे."

बाबा हात तसाच धरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता... मुजावर दाणे चावायचा थांबला.

मंदाकिनीला राग आला. असं असेल तर असं, म्हणून तिने आपलं डावं मनगट त्यांच्या मनगटाला लावलं आणि दात-हात वापरून गाठ मारली. गाठीत कसूर ठेवली नाही. आयुष्यभर सोडवण्याचं काम केलेल्या बाईला बांधणं चांगलंच येत होतं.

"झकास," बाबा म्हणाले. "आता भाकरी कर. भूक लागलीया."

एका हाताने भाकरी थापून पाहिली आहे का कोणी? तिने पीठ मळायला घेतलं की बाबांचा हात परातीत यायचा. तिने तवा उचलला की बाबांना उठावं लागायचं. ती उठली की त्यांनाही, ते खोकले की तिलाही. शेवटी जी भाकरी तव्यावर पडली तिला चार कोपरे होते.

"घडी करून ठेवायला बरी," बाबा म्हणाले.

मुजावरने यावेळी हसू आवरलं नाही. मंदाकिनीनेही त्याला रागे भरलं नाही, कारण भाकरी तिच्याही डोळ्यांसमोर होती.

जेवण झालं. दुपारच्या गोळीची वेळ झाली. मंदाकिनीने फडताळातून बाटली काढली आणि ती फिरवू लागली. झाकण दाबून फिरवायचं होतं. त्याला दोन हात लागतात. तिने बाटली गुडघ्यात धरून पाहिली, काखेत धरून पाहिली. बाटली निसटून चुलीपर्यंत घरंगळत गेली.

मुजावर उठला. त्याने बाटली उचलली, झाकण उघडलं, वरची सूचना वाचली, गोळी बाबांच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

बाबांनी गोळी घेतली.

मंदाकिनीला कान तापल्यासारखे वाटले.

"मंदे," बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "तू यायच्या आधी हितं भाकर कोन करायचं गं?"

"वाडीतून यायची. पाळीने. रोज एका घरची."

"मंग बंद कशी झाली?"

"मी बंद केली." तिने सरळ सांगून टाकलं. "कोणाची करपलेली, कोणाची कच्ची. एकीने तर आमटीत इतकी मिरची घातली होती की तुम्ही रात्रभर तळमळत होता. मी असताना ते हाल कशाला?"

"खरं हाय. सखूच्या हातची आमटी म्हंजी जाळच." बाबा आठवून हसले. "पर भाकर घिऊन आलेलं मानूस घडीभर टेकायचं. कुनाची शेळी व्याली, कुनाची सून रुसली, समदं कळायचं. आता भाकर लई मऊ असती..."



मंदाकिनीला एकदम आठवलं. पाळी बंद झाल्यावर सखूबाई एकदा अर्ध्या वाटेपर्यंत आली होती. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. वर मंदाकिनीला पाहून ती तिथूनच मागे फिरली होती. त्यावेळी मंदाकिनीला वाटलं होतं, बरं झालं, समजूतदार बाई आहे.

"चल," बाबा उठले. पर्यायच नव्हता, तीही उठली. "जरा वर जाऊन यिऊ."

मठाच्या मागून टेकडीच्या माथ्याकडे पायवाट जाते. माथ्यावर बाबांच्या गुरूंची समाधी आहे. आजारपणानंतर बाबा तिथवर गेले नव्हते. मंदाकिनी त्यांना रोज दुपारी अर्ध्या वाटेवरच्या सपाट खडकापर्यंत न्यायची, बगलेत खांदा देऊन, एकेक पाऊल जपत, आणि तिथून परत आणायची. डॉक्टरांनी थोडं चालवा म्हणून सांगितलं होतं. थोडं म्हणजे किती, ते तिने ठरवलं होतं.

मुजावर ओसरीवरच थांबला.

दोघं बांधलेल्या हातांनी निघाले. ऊन होतं, पण वारा गार होता. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि पायांखाली कुरकुरत होतं.

"मंदे, ते तुजं बूस्टर. सुटल्यावर कुठं जातं?"

"समुद्रात पडतं, बाबा."

"आणाया कोन जातं मंग?"

"कोणी नाही. फक्त कोळ्यांना आधी सांगून ठेवतात, त्या दिवशी त्या बाजूला होड्या नेऊ नका म्हणून."

"म्हंजी निवांत काम हाय."

तिला हसू आलं. थोडं चालून झाल्यावर बाबांनी तितक्याच सहज विचारलं, "तुजं त्या दिशी काय चुकलं?"

हा प्रश्न तिला पुष्कळांनी विचारला होता. चौकशी समितीने विचारला होता, लेखी विचारला होता, तक्ते मांडून विचारला होता. तिनेही तक्ते मांडून उत्तर दिलं होतं. असा चालता चालता कोणी विचारला नव्हता.

"उशीर केला," ती म्हणाली.

बाबा चालत राहिले.

"बूस्टर जळत जळत शेवटाला आले की त्यांचा जोर कमी होत जातो. मग ते सोडायचे. पण अगदी शेवटी थोडा जोर उरलेला असतो बघा. माझी आई तुपाचा डबा रिकामा झाला तरी बोटाने निपटून घ्यायची. तसं मला वाटलं, हा एवढा फुकट कशाला घालवायचा? म्हणून मी वेळ थोडी पुढे ढकलली. थोडीच. दोघांपैकी एक आधी विझला, आणि दुसरा ओढतच राहिला. मधलं रॉकेट एका अंगाला कललं... आणि मग गेलं."

"लोभ पडला म्हन."

"हो." मग तिने मान हलवली. "नाही बाबा. लोभ असं मी त्या समितीला सांगितलं. तसं नव्हतं ते."

"मंग?"

"ते बूस्टर माझ्या डोळ्यांसमोर घडले होते. पत्र्यापासून पाहिले होते मी. त्यांना सोडायचं म्हटलं की... दर वेळी माझं मन धजायचं नाही. त्या वेळी मी मनाचं ऐकलं."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. स्वतःशीसुद्धा कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं, पण उलट पाय जड झाले.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बांधलेल्या गाठीकडे पाहत होते... मग समोर पाहू लागले.

सपाट खडक आला. मंदाकिनी सवयीने वळली. बाबा वळले नाहीत. पंचा ताणला गेला आणि गाठ आणखी आवळली.

"बाबा, इथून परत."

"रोज हितनंच का परत?"

"तुम्हाला दम लागतो म्हणून."

"कुनाला?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला बोलता येत नाहीये. छाती वरखाली होत होती. बाबा तिच्यासमोर उभे होते, शांत, नाकाने श्वास घेत.

"दम तुला लागतो, बाय. म्हणून मी थांबतो."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिला आणखी एक दिसलं. बाबा सरळ उभे होते. आज हात बांधलेले असल्यामुळे तिला त्यांच्या बगलेत खांदा देता आला नव्हता. ती बुटकी, बाबा चांगले उंच. रोज तिचा खांदा त्यांच्या बगलेपर्यंत पोचावा म्हणून ते कमरेतून वाकायचे. आणि इतके दिवस तिला वाटत होतं की म्हातारपणाने वाकले आहेत.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त माया वाटली.

"म्हणजे मी तुम्हाला धरलंच नव्हतं."

"असं कोन म्हनलं?" बाबांचा आवाज पहिल्यांदाच थोडा कडक झाला. "त्या तापात तू नसतीस तर माजी कवाच माती झाली असती. तू धरलंस म्हणून मी हितं हुबा हाय. खोटी नम्रता करू नगंस. तुला ती शोभत न्हाई."

"मग नंतर...?"

"नंतर तुला धराया काय तरी पायजे व्हतं."

...

खाली मठाच्या अंगणात मुजावर येरझाऱ्या घालताना दिसत होता. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा वाटेकडे.

मंदाकिनी खडकावर बसली. बाबांनाही बसावं लागलं. दोघं एकाच बाजूला तोंड करून बसले, वाडीच्या कौलांकडे. कोणाच्या तरी घरातून धूर निघत होता.

"सुटल्याबरुबर पडतं का गं त्ये?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"बूस्टर."

"नाही बाबा." तिने नाक पुसलं. "लोकांना तसंच वाटतं. सुटलं की दगडासारखं खाली. तसं होत नाही. सुटल्यावरही ते काही वेळ वरच जात असतं."

"आग तर इझलेली असती."

"विझलेली असते. पण अंगात आलेला वेग कुठे जाणार? ओझं सुटलेलं असतं. मग ते एकटंच वर जातं, आधी होतं त्याच्याहून कितीतरी उंच. पार माथ्यावर पोचतं. तिथे एक क्षण... म्हणजे वर जाणंही नाही आणि खाली येणंही नाही, असं. मग वळतं."

"त्ये कोन बघतं?"

"कोणी नाही. सगळ्यांचे डोळे रॉकेटवर असतात."

"आन तू?"

"मी बघायचे." तिचा आवाज बारीक झाला. "पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा लहानसा ठिपका दिसायचा. बाकीचे टाळ्या वाजवत असायचे, पण मला तेच सगळ्यांत छान वाटायचं. आता याला कोणाचं काही देणं नाही, असं वाटायचं मला."

बाबा ऐकत होते. त्यांचा चेहरा गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"बाबा," मंदाकिनी म्हणाली, "आपल्या दोघांत बूस्टर कोण? तुम्ही की मी?"

बाबा पोट धरून हसले. हसताना तिचाही हात हलला.

"गाठ सोड. मंग कळंल."

तिने उजव्या हाताने गाठ चाचपली. सकाळी रागाने मारलेली, वाटेत आवळलेली गाठ. नखाने ओढली, सुटेना. दाताने ओढली, सुटेना. दोन्ही टोकं एका वेळी सैल व्हायला हवी होती आणि तिच्याकडे हात एकच होता.

तिने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी आपला मोकळा डावा हात पुढे केला. एक टोक त्यांनी धरलं, एक तिने. दोघांनी मिळून हळूहळू पीळ काढला. तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही, आणि बाबांनीही न पाहिल्यासारखं केलं नाही. दोघांची कपाळं जवळ आली होती आणि मधे तो मळका पंचा होता.

गाठ सुटली.

दोन्ही मनगटांवर लाल वळ उठले होते. बाबांनी पंचा झटकला आणि खांद्यावर टाकला.

मंदाकिनी वाकून त्यांच्या पाया पडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग उचलला.

"डोळ्यांतले थेंब सकाळ-संध्याकाळ, दोन वेळा," ती म्हणाली.

"व्हय."

"विसराल."

"इसरन. मंग कुनीतरी आठवन करून दिल."

यावर तिला बोलण्यासारखं बरंच होतं. तिने ते बोलायचं टाळलं, आणि तिच्यासारख्या बाईला हे टेकडी चढण्याहून अवघड होतं.

तेवढ्यात मुजावर वाट चढून वर आला. चढताना त्याला सतरा वेळा वाटलं असावं की येऊ नये, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मॅडम, उन्हं कलली. मी निघतो. तुम्ही काळजी करू नका, आम्ही काहीतरी..."

"तुझा आकडा काय आलाय?" मंदाकिनीने विचारलं.

तो गोंधळला. मग त्याने सांगितला.

तिने मनात हिशेब मांडून पाहिला. मुजावरची वेळ तिच्या वेळेपेक्षा अलीकडची होती. बूस्टरमध्ये अजून थोडा जोर शिल्लक असणार होता. थोडाच, पण असणार होता. तिच्या जिभेवर शब्द आले, अजून जरा थांबलास तर चालेल... अगदी दातांपर्यंत आले.

तिने मनगटावरचा वळ चोळला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तोच ठेव."

"तुम्ही पाहून घ्याल ना एकदा?"

"मी शेजारी बसेन. पाहायचं तू."

मुजावरच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. मग ती तशीच राहून भीतीच्या जोडीला थोडी उमेदही आली. तो वळून भराभर वाट उतरू लागला, बाईचं मन बदलायच्या आत गाडी चालू करावी म्हणून.

"वाडीत दोन मिनिटं थांबावं लागेल," मंदाकिनी त्याच्या मागून म्हणाली. "सखूबाईंना विचारायचंय, उद्यापासून पाळी कोणाची धरायची ते."

"थांबू की," तो न थांबता म्हणाला.

तीही उतरू लागली. हात मोकळा होता आणि त्याचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. कधी तो पदर धरायचा, कधी नुसताच लोंबायचा. ती एका वळणापर्यंत आली. मागे पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी पाहिलंच.

तिला वाटलं होतं, बाबा खडकावर बसलेले असतील. किंवा तिच्या मागोमाग सावकाश उतरत असतील.

खडक रिकामा होता.

बाबा खडकाच्या बरेच वर होते. समाधीच्या वाटेवर, जिथे ती त्यांना कधी जाऊ देत नव्हती तिथे. तिथे वाट अरुंद होते, कडेला मुरूम सुटलेला आहे आणि धरायला झुडूपसुद्धा नाही. हातात काठी नव्हती. खांद्यावरचा पंचा वाऱ्याने फडफडत होता. ते ताठ चालत होते आणि कशासाठीही थांबत नव्हते.

चार पावलं ती वर धावलीसुद्धा. मग तिचे पाय आपोआप थबकले. खाली मुजावरने गाडी चालू केल्याचा आवाज आला.

ती दोन्हींच्या मधे उभी राहिली.

"बाबा," तिने हाक मारली. "बाबा, पडाल हो."

म्हातारा वळला नाही. चालही मंद केली नाही. वारा खालच्या बाजूला वाहत होता, म्हणून शब्द तिच्यापर्यंत नीट आले.

"पडंन की, बाय. पर लगेच न्हाई."